वरूनकाकूंचा जपानी चहा

काकूंच्या ओठांना कपाची कड लागलेली लंडनच्या अख्ख्या एजवेअरमध्ये कोणी पाहिली नव्हती. पाणी, ताक, सरबत, सर्दीवरचं गरम औषध, सगळं वरून. मान किंचित मागे, भांडं वीतभर उंच, धार थेट घशात, आणि थेंब म्हणून इकडेतिकडे सांडायचा नाही. चहासुद्धा दोन भांड्यांत वरखाली करून कोमट करायच्या आणि मग वरून. पर्समध्ये पैसे नसले तरी चालतील, पण स्टीलचं फुलपात्र हवंच. इथे जन्मलेल्या आमच्या पोरांना सोवळं नि उष्टं हे शब्द कुठले ठाऊक असायला? त्यांनी डोळ्यांना जे दिसलं त्यावरून नाव ठेवलं, 'वरूनकाकू'. काकूंना ते कळलं तेव्हा म्हणाल्या, "ठेवू देत. निदान खालून काकू तरी नाही ना म्हणत!"

मूळच्या त्या चिपळूणच्या. साठच्या दशकात काका इथल्या हॉस्पिटलात नोकरीला आले आणि काकू त्यांच्या मागोमाग. मी शाळेत गणित शिकवायची आणि त्यांच्यापासून दोन दारं सोडून राहायची. "इंग्लंडात आलं म्हणून उष्ट्याचं काय ताजं होतं का?" हा काकूंचा सवाल मी किती वेळा ऐकला असेल कोण जाणे. गंमत म्हणजे शेजारच्या इंग्रज बायकांना यात काही वावगं वाटायचं नाही. काका डॉक्टर, तेव्हा हे काहीतरी मेडिकल असणार अशी त्यांची समजूत. एकीने तर मुलांना फ्लूच्या दिवसांत तसं प्यायला शिकवलं आणि कार्पेट खराब करून घेतलं.

काकू स्वतः कधी जेवायच्या हेही आम्हाला कोडंच होतं. पंधरा माणसं जेवायला असोत की दोन, काकू उभ्या. आग्रह तर असा, की माणसाने पानावर हात आडवा धरला तर हातावर वाढतील. "अहो काकू, बसा ना आमच्याबरोबर," म्हटलं की उत्तर ठरलेलं: "वाढणारी बसली की खाणारा उठला समज." पाहुणे गेले की स्वयंपाकघराचं दार लोटून घेऊन त्या काय उरलंसुरलं असेल ते खायच्या. तिथे डोकावायची छाती काकांचीही नव्हती.

अशा बाईच्या एकुलत्या एका मुलाने नव्वद सालच्या सुमारास जपानी मुलीशी लग्न ठरवलं.

अजय मेडनहेडला एका कॉम्प्युटर कंपनीत होता आणि हारुको त्याच्याच ऑफिसात. एका रविवारी त्याने आमटीभात खाता खाता हे सांगून टाकलं. मी तेव्हा समोरच होते, कारण काकूंकडे रविवारी कोणी ना कोणी समोर असायचंच. काकूंच्या हातातली पळी आमटीत पडली. "जपानी? अरे, एजवेअरमध्ये राहतोस, निदान गुजराती तरी बघायचीस!" काकांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "गाड्या उत्तम करतात हो ते लोक." काकूंनी त्यांच्याकडे अशी नजर टाकली, की त्या दिवशी काकांनी पुन्हा तोंड उघडलं ते फक्त घास घालायला.

अजयने मग खरी गोष्ट सांगितली. त्याचं मराठी म्हणजे शब्द आईचे आणि व्याकरण मेडनहेडचं. "आई, ओसाकामध्ये मला जॉब ऑफर केला आहे. तू येस म्हणाला तर आम्ही इथेच राहणार, तुझ्या जवळ घर घेणार. तू नो म्हणाला तर आम्ही तिकडे जाणार. पण हारुकोला मी नाही सोडणार." पोराने धमकी दिली नव्हती, हिशोब मांडला होता. त्यानंतर कितीतरी दिवस त्या घरात फक्त भांड्यांचा आवाज येत होता. काकू मला एवढंच म्हणाल्या, "सुधा, गेला तर गेलाच गं तो. जपान काय वाटेवर आहे?"

तशात हारुकोची आई ओसाकाहून आली. विधवा बाई, तिकडे चहाचे वर्ग घ्यायची. तिलाही हा जावई पसंत नव्हताच. मुलाकडच्यांना आपल्या हातचा चहा देईन, तेव्हाच काय ते ठरवीन, असा तिचा निरोप आला. काकूंना यातलं काय जास्त झोंबलं, सांगता येत नाही. "चहा शिकवते? चहा शिकवायचा कसला? आधण ठेवा, आलं ठेचा, उकळा. संपला वर्ग! आणि मुलाकडच्यांना बघायला बोलावतात? आमच्यात मुलीकडचे हात जोडून येतात म्हणावं." शेवटी मात्र म्हणाल्या, "जाऊन येऊ. नावं ठेवायला काहीतरी सापडेलच." बोलणं नावं ठेवण्याचं असलं तरी त्या कशासाठी निघाल्या होत्या, ते आम्हा सगळ्यांना माहीत होतं. लेक हातचा जाऊ द्यायचा नव्हता.

मुलाकडची म्हणून बरोबर एक तरी बाई हवी, हा रिवाज. त्यामुळे चाळिशी उलटलेली मी करवली झाले आणि गाडीही मीच चालवली. मागच्या सीटवर अजय आईला पढवत होता.

"आई, तिथे जास्त बोलायचा नाही. बाऊल आला की नमस्कार कर, हातात थोडा फिरव, ड्रिंक कर, कड पुस, आणि पास कर."

"पास म्हणजे?"

"नेक्स्ट माणसाला दे. सगळे एकाच बाऊलमधून पितात."

 मग काकू म्हणाल्या, "म्हणजे एकमेकांचं उष्टं?"

"इट्स अ बाँडिंग थिंग, आई."

"कॉलऱ्यातही असंच बाँडिंग होतं."

मी आपली समजूत घालायला म्हटलं, "काकू, तुमच्या आधी काकाच पिणार आहेत. नवऱ्याचं उष्टं तर चालतं ना?"

"ते ताटातलं गं. ओठाचं कोणाचंच चालत नाही." थोड्या वेळाने त्याच पुढे म्हणाल्या, "मी बघते काय करायचं ते." हे वाक्य ऐकून मला बरं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही.

हारुकोचं मेडनहेडचं घर म्हणजे इथल्या चारचौघांसारखं सेमी, एका भिंतीने शेजाऱ्याला चिकटलेलं. पण दारातच चपला काढायला सांगितल्या आणि काकूंनी माझ्याकडे सूचक पाहिलं. मग मागच्या बागेत नेलं. तिथे धुण्याच्या टबाभोवती दगड रचून पाणी ठेवलं होतं. हात धुवायचे आणि चूळ भरायची. काकूंचा चेहरा बघण्यासारखा झाला. "अगं, सोवळं आहे की यांच्यात!" त्या कुजबुजल्या. आनंदापेक्षा त्यात धसकाच जास्त होता. एवढी वर्षं इंग्लंडात त्यांच्याइतकं कडक कोणी भेटलेलं नव्हतं.

पुढच्या खोलीत कार्पेटवर गवती चटया अंथरल्या होत्या. भिंतीतली गॅसची शेकोटी झाकून टाकली होती आणि तिथे एका बांबूच्या नळकांड्यात एकच फूल. दार सरकलं आणि हारुकोची आई आली. राखाडी किमोनोतली एवढीशी बाई, पण आमच्यासमोर कपाळ जमिनीला टेकवून तिने नमस्कार केला, तेव्हा काकू क्षणभर गोंधळल्याच. विहिणीकडून मान घ्यायची त्यांची तयारी होती, पण इतका मान मिळाला तर काय करायचं, हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. त्यांनीही वाकून नमस्कार केला. काकांनी गुडघे दुमडायचा प्रयत्न केला, त्यांच्या हाडांचा आवाज त्या शांततेत सगळ्यांना ऐकू गेला. काकू मात्र वज्रासनात ताठ. "इतक्या वर्षांत पहिल्यांदा कोणी खाली बसवलं बाई," असं माझ्या कानात म्हणाल्याही.

आधी गोड आलं. काकूंनी तुकडा मोडला, हातावर घेतला, वरूनच तोंडात टाकला आणि डोळे विस्फारले. "सुधा, पुरण आहे हे!" खरंच लाल चवळीसारख्या कसल्याशा दाण्यांचं पुरण होतं ते. "शिजवलंय छान. वेलची विसरली." अजयने घसा खाकरला.

मग ती बाई चहाला बसली. रुमालाची घडी घालायची, घडीने डबी पुसायची, घडी मोडायची, पुन्हा घालायची, चमचा पुसायचा. धुतलेलं भांडं आमच्यासमोर पुन्हा धुवायचं. मला वाटलं, काकू आता काहीतरी बोलणार. पण पापणी न लववता त्या विहिणीच्या हातांकडे बघत होत्या. खूप वेळाने नुसत्या पुटपुटल्या, "हात बघ तिचे. उगाच म्हणून हलत नाहीत." इतक्या वर्षांत माझ्या एकाही पदार्थाला काकूंकडून एवढी दाद मिळालेली नाही, हे इथे नमूद करायला हरकत नाही.

चहा झाला. चहा म्हणजे काय, तर हिरवागार लगदा. पिठलं जरा सैल झालं तर कसं दिसेल, तसा. तो मोठा मातीचा वाडगा आधी काकांकडे गेला. काकांनी एक घोट घेतला, त्यांच्या कपाळाची शीर उडाली, पण आयुष्य हॉस्पिटलात गेलेलं, चेहरा सांभाळला. कड पुसली आणि वाडगा काकूंपुढे ठेवला.

आता सगळे काकूंकडे बघू लागले. हारुको, तिची आई, काका, मी. अजयकडे मी बघितलंच नाही, माझ्याने बघवलं नसतं. काकूंनी नमस्कार केला. वाडगा दोन्ही हातांत घेतला, शिकवल्याप्रमाणे फिरवला. उचलला. आणि मान मागे टाकली.

नको, नको, असं मी मनातल्या मनात ओरडत होते. काकूंनी वाडगा वीतभर वर धरून तिरका केला. काही पडेना. लगदाच तो, जागचा हलेना. काकू तोंड उघडून तशाच थांबल्या. आणखी तिरका केला. तरी नाही. मग मनगटाला एक हलका झटका दिला, आणि बराचसा गोळा एकदम आला. थोडा तोंडात गेला. बाकीचा हनुवटीवरून गळ्यावर, आणि गळ्यावरून त्यांच्या अबोली रंगाच्या जरीच्या साडीवर.

 काकूंना ठसकासुद्धा लागला नाही, सवयच तशी. तोंडात होतं ते गिळलं, वाडग्याची कड स्वच्छच होती तरी नीट पुसली, आणि तळाला उरलेलं अजयपुढे ठेवलं. अजयचे डोळे मिटलेले होते. बिचाऱ्याला ओसाकाचं विमान दिसत असावं.

हारुकोची आई हळूच काहीतरी बोलली. हारुकोने ते इंग्रजीत सांगितलं आणि अजयने मराठीत. "ती म्हणते, तुमच्याकडे अशी प्यायची पद्धत असेल तर फार ब्यूटिफुल आहे."

हिरव्या हनुवटीने काकू म्हणाल्या, "पद्धत चांगलीच आहे. तिला सांग, चहा घट्ट झालाय."

अजयने काय भाषांतर केलं देव जाणे, पण त्या बाईने पुन्हा वाकून नमस्कार केला. मग भांडी आवरून ती आत गेली आणि दार लागलं. यजमानीण अशी आत गेली की पाहुण्यांनी मुकाट्याने निघायचं असतं, तिच्या मागे जायचं नसतं, असं हारुकोने आधीच सांगून ठेवलं होतं. पण साडीला डाग पडलेला, आणि काकूंच्या हिशोबी खाणंपिणं झालं की बायकांनी स्वयंपाकघरातच जायचं असतं. त्या उठल्या आणि गेल्या. मीही मागोमाग गेले, त्यांना आवरायला.

दारातच मी थांबले. आत वॉशिंग मशीनशेजारी ती बाई जमिनीवर पाय पसरून बसली होती. पायांवर हात फिरवत होती आणि मोडलेल्या गोडाचा एक तुकडा खात होती. काकूंना बघून ती धडपडत उठायला लागली. काकूंनी खांद्यावर हात ठेवून तिला खाली बसवलं.

"तुम्ही घेतलात का हो चहा?" काकूंनी विचारलं. अगदी शुद्ध मराठीत.

ती जपानीत काहीतरी म्हणाली. काकूंना एक अक्षर कळलं नसणार, पण उत्तर कळलं. आम्हा सगळ्यांना पाजून ती स्वतः कोरडीच होती. "वाटलंच मला," म्हणत काकूंनी पदर खोचला. सॉसपॅन शोधलं, दूध सापडलं, टी बॅग्ज फाडून त्यातली पूड काढली. आलंही निघालं फ्रिजमध्ये, तेव्हा तर काकू खूश. चहा चांगला खदखदून उकळला आणि हाताशी तोच धुतलेला वाडगा होता, त्यात ओतला. "घ्या विहीणबाई. साखर घातलीय."

त्या बाईने दोन्ही हातांनी वाडगा घेतला, फिरवला आणि प्यायली. एक घोट, दुसरा, तिसरा. मग किमोनोत खोचलेला कागद काढून कड पुसली आणि वाडगा काकूंच्या पुढे धरला.

काकूंनी तो घेतला. त्यांनी वाडग्याकडे बघितलं, मग त्या बाईकडे. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आल्याचं की कशाचं ते मी सांगू शकत नाही. आणि काकूंनी वाडगा उंच केला नाही. सरळ ओठाला लावला आणि दुसऱ्या बाईचं उष्टं, वर धरलेल्या सायीसकट, पिऊन टाकलं.

वळल्या तर दारात मी. "काय बघतेस? विहिणीचं चालतं."

"कुठल्या शास्त्रात?"

"तुला सगळी शास्त्रं पाठ आहेत का? ते फडकं दे इकडे."

परतीच्या वाटेवर अजय नव्हता, तो मेडनहेडलाच राहिला. काका पुढे पेंगत होते. काकू एकदम म्हणाल्या, "ती बाई तिकडे एकटीच राहते का गं?" मी हो म्हटलं. "मग पाहुणे गेल्यावर तिला 'तू घेतलास का' म्हणून विचारतं कोण?" मला वाटलं, काकू सहज बोलताहेत.

दोन्ही आयांचा होकार एकाच आठवड्यात आला. काकूंनी अटी घालायच्या म्हणून दोनचार घातल्या आणि पाळल्या कोणीच नाहीत. लग्न रजिस्टर ऑफिसात झालं. सत्यनारायणाला हारुको वज्रासनात बसली ती पूजा संपेपर्यंत हलली नाही, आणि आमच्या पोरींनी मात्र खुर्च्या मागितल्या. काकू जिंकल्या होत्या. मुलगा राहिला होता, शब्द दिल्याप्रमाणे जवळच घरही बघत होता. विहीणबाई एकट्या परत गेल्या. अजय क्रॉयडनच्या व्हिसा ऑफिसात जाऊन त्यांना इथे आणायची चौकशीही करून आला, पण त्याच तयार होईनात. गेलेल्या नवऱ्याच्या नावाचं देवघर तिकडे, शिष्या तिकडे.

मग एका रविवारी काकूंनी अजय आणि हारुकोला पोटभर जेवायला घातलं आणि उभ्या उभ्याच म्हणाल्या, "ते घर घेऊ नका. तुम्ही दोघं तिकडे जा."

"आई, बट आय प्रॉमिस्ड! तू येस म्हणाला तर मी इथे राहणार, असं मी सांगितलं होतं."

"दिलंस ना प्रॉमिस? पोचलं मला. आता मी ते सोडते. माझ्याकडे हे आहेत, ही सुधा आहे, निम्मं पुणं आहे इथे. तिला कोणी नाही." हारुको रडायला लागली, तर काकूंनी तिच्या पानात आणखी एक लाडू वाढला. रडणाऱ्या माणसाचं काय करायचं याचं त्यांच्याकडे एवढंच औषध होतं.

विमानतळावर काका अजयला कडकडून भेटले. काकूंनी दोघांच्या हातात डबे दिले, कुठल्या डब्यात काय ते दोनदा सांगितलं, हारुकोला म्हणाल्या, "आईला सांग, चहात आलं घालत जा." डोळ्यांतून टिपूस नाही. बघणाऱ्याला वाटावं, पोरगा सुट्टीला चाललाय. काका मागच्या सीटवर बसले आणि काकू माझ्या शेजारी. गाडी हायवेला लागली आणि काकू म्हणाल्या, "सुधा, जरा बाजूला घे."

मी रस्त्याकडेच्या पट्टीवर, हार्ड शोल्डरवर, गाडी थांबवली. काकूंनी पदर तोंडात कोंबला आणि ज्या रडायला लागल्या, की शेजारून लॉऱ्या जात होत्या त्यांचाही आवाज मला येईना. मागे काकाही रडत होते. असं रडताना मी त्यांना ना आधी कधी पाहिलं, ना नंतर.

"त्याच्यासाठीच तर गेले होते गं मी तिथे," त्या म्हणाल्या. "तो राहावा म्हणूनच गेले होते. माझा पोरगा हवा होता मला. अजून हवाय."

माझ्याने ते ऐकवेना. "मग बोलवा ना त्याला परत, काकू. तुम्ही नुसती हाक मारलीत तरी येईल तो."

काकूंनी पदराने तोंड पुसलं आणि सीट बेल्ट सारखा केला.

"येईल गं," त्या म्हणाल्या. "म्हणूनच मारायची नाही."